डोक्यावरचे आणि पायातले

परवा रात्री नातवाचा लंडनहून फोन आला. शिक्षण संपवून तो आता तिथेच नोकरी शोधतो आहे. दुसऱ्या दिवशी एका बँकेत मुलाखत होती. सूट इस्त्री करून खुर्चीवर टांगलेला, बूट पॉलिश करून ठेवलेले, आणि स्वारी काळजीत! काय झाले म्हणून विचारले तर म्हणाला, "आजोबा, खोलीतला मित्र म्हणतो, हे बूट चालणार नाहीत. तपकिरी आहेत. काळेच हवेत."

मी हसलो. हे बूट आम्हीच त्याला निघताना लक्ष्मी रोडवरून घेऊन दिले होते. चांगले कातडी, भारीतले. गडद निळ्या सूटवर छान दिसतील असे दुकानदारानेही सांगितले होते. त्यात चालणार नाही असे काय आहे?

पण नंतर वाचले तेव्हा कळले की मित्र खोटे बोलत नव्हता. इंग्रजांचा जुना संकेत आहे, तपकिरी बूट खेड्यावर, शिकारीला, सुट्टीला. लंडनमध्ये कामाला जायचे तर काळे. इटलीतला माणूस मात्र निळ्या सूटवर हौसेने तपकिरी बूट घालतो आणि त्यालाच नीटनेटके म्हणतो. इथवर गंमतच आहे. पण २०१६ साली ब्रिटनमधल्या सामाजिक गतिशीलता आयोगाने एक अहवाल काढला. त्यात म्हटले होते की बड्या गुंतवणूक बँकांत हुशार पण साध्या घरची मुले मागे पडतात, आणि त्याची कारणे कधी कधी अशी असतात : सूटवर तपकिरी बूट, अंगाला नीट न बसणारा कोट, भडक टाय. गुण कमी म्हणून नव्हे, तर घरात कोणी सांगणारे नव्हते म्हणून!

हे वाचल्यावर हसू मावळले. रात्री झोप लागेना. पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रसंग डोळ्यासमोर येत राहिला. तो सांगतोच, पण आधी थोडे मागून येतो. इतिहासाच्या मास्तराला मागून येण्याची सवयच असते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी युरोपियनांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना नाव काय दिले? 'टोपीकर'. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही फिरंगी, इंग्रज, वलंदेज या व्यापाऱ्यांना 'टोपीकर' असाच शब्द आहे. त्यांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांचा रंग यापेक्षा त्यांच्या डोक्यावर काय आहे ते आपल्या माणसांच्या डोळ्यात भरले. कारण इथे माणूस ओळखायचा तो डोक्यावरून. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे, मंदील, रुमाल, कोशा. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वस्तूचा आहे आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाची आहे. ब्राह्मणाची चक्रीबंद पगडी निराळी, शिंदेशाही निराळी, शेतकऱ्याचे पागोटे निराळे. पागोटे रोज स्वतः गुंडाळायचे. पगडी पगडबंदाकडून बांधून घ्यायची आणि खुंटीवरून काढून नुसती डोक्यावर ठेवायची. लांबून येणाऱ्या माणसाची जात, गाव आणि ऐपत तो तोंड उघडण्याआधीच कळत असे.

डोकेच कशाला, अंगरख्याचे बंदसुद्धा बोलत. मोगल काळातली चित्रे नीट पाहिली तर दिसते की हिंदू माणसाचा जामा डाव्या बगलेत बांधलेला असतो आणि मुसलमानाचा उजव्या. कापड तेच, शिवण तीच, शिंपीही कदाचित एकच. पण गाठ कुठे मारायची एवढ्यावर माणूस कोणाचा ते ठरे.

आता गंमत अशी की टोपीकर आणि आपण यांचे आदराचे संकेत अगदी उलटसुलट. साहेब कोणाला मान द्यायचा झाला तर डोक्यावरची टोपी काढतो. पायातले बूट मात्र चर्चमध्येही काढत नाही. आपण मान द्यायचा तर पायातले काढतो. डोक्यावरचे मात्र काढत नाही. बोडक्या डोक्याने देवळात किंवा दरबारात जाणे हा उद्धटपणा, आणि भरल्या सभेत कोणाचे पागोटे उतरवणे म्हणजे त्याची अब्रू घेणे. 'पागोटे पायावर ठेवणे' हा वाक्प्रचार उगीच झालेला नाही. माणसाजवळ देण्यासारखे काहीच उरले नाही की तो शेवटी पागोटे काढून समोरच्याच्या पायावर ठेवी.

या दोन रीती समोरासमोर आल्यावर भांडण होणारच. कंपनी सरकारच्या अंमलात साहेबाच्या समोर जाताना एतद्देशीयाने जोडे बाहेर काढावेत असा आग्रह असे. म्हणजे साहेब आपली रीत पाळून बुटांसकट बसणार आणि आपल्याकडून आपली रीत पाळून घेणार! नवी शिकलेली पिढी विलायती बूट-मोजे घालू लागली तेव्हा प्रश्न आला, आता या बुटांचे काय करायचे? अखेर १८५४ साली बंगालमध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारला रीतसर ठराव करावा लागला, की विलायती पद्धतीचे बूट घातलेल्या नेटिव गृहस्थाने ते सरकारी समारंभात पायातच ठेवायला हरकत नाही. देशी जोडा असेल तर मात्र बाहेरच. एका साम्राज्याचे सरकार बसून बुटांवर खल करते हे आज वाचताना हसू येते. पण ज्यांना दारात वाकून जोडे काढावे लागत होते त्यांना ते हसण्यासारखे नव्हते.

आणि ज्या सूटचा एवढा दरारा, तो तरी कुठला? ऑक्टोबर १६६६ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारात एक नवा पोशाख सुरू केला : कोटाच्या आत घालायचा लांब बंडीसारखा कपडा. आजच्या सूटमधल्या वेस्टकोटाचा तो पूर्वज. त्या वेळच्या रोजनिशी लिहिणाऱ्या जॉन एव्हलिनने त्याला इराणी धाटणीचा म्हटले आहे. म्हणजे शुद्ध विलायती म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो ते त्यांच्या दृष्टीने पूर्वेकडचे थेर होते! गळ्यातली टाय क्रोएशियाच्या भाडोत्री सैनिकांच्या गळपट्टीवरून फ्रान्समार्गे आली. मेजवानीच्या पोशाखातला 'कमरबंड' आपला कमरबंद, 'पजामाज' आपला पायजमा, खाकी आपली खाक, म्हणजे माती. मुंबईच्या डोंगरीवरून जाडेभरडे कापड गेले त्याचे 'डंगरी' झाले. 'सीअरसकर' नावाचे कापड अमेरिकेतले वकील उन्हाळ्यात मिरवतात, ते मूळ फारसी 'शीर-ओ-शकर', दूध आणि साखर!

आज जो गडद रंगाचा साधा सूट जगभर दिसतो, त्याचे श्रेय बरेचसे ब्रमेल नावाच्या एका इंग्रजाला देतात (१७७८–१८४०). तो राजघराण्यातला नव्हता. रेशीम, जर, पावडर लावलेले केस हे सगळे बाजूला सारून त्याने दाखवले की उत्तम बेतलेला साधा कोट आणि धुतलेले पांढरेशुभ्र कापड एवढ्याने माणूस शोभतो. साधेपणा दिसायला सोपा, पण गळ्याची एक गाठ मनासारखी बसावी म्हणून तो तासन्‌तास घालवी म्हणतात. शेवटी कर्जबाजारी होऊन फ्रान्सला पळाला आणि तिथेच वारला. पण जगातल्या पुरुषांना तो कपडे नेमून देऊन गेला.

मग ते कपडे कुठे हौसेने आले, कुठे फर्मानाने. रशियाच्या पीटरने सरदारांच्या दाढ्या कापल्या आणि त्यांना युरोपीय कपडे घालायला लावले. जपानने १८७२ साली सरकारी समारंभासाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवून टाकला. तुर्कस्तानात केमाल पाशाने १९२५ साली कायदा करून फेझ टोपी बंद केली आणि हॅट आणली. या सगळ्यांना वाटले, कपडे बदलले की देश बदलेल.

आपल्याकडे असे फर्मान निघाले नाही. मराठी माणसाने आपल्या स्वभावाप्रमाणे तडजोड केली. डोक्यावर पगडी किंवा रुमाल, अंगात विलायती धाटणीचा कोट, आणि खाली धोतर! न्यायमूर्ती, प्राध्यापक, वकील, मामलेदार कचेरीतले कारकून, सगळ्यांचा हाच थाट. कंबरेच्या वर कचेरी आणि कंबरेखाली घर. साहेबाला यात विसंगती दिसे, आपल्याला दिसत नसे.

माझे वडील कारकून होते. पगडीचा जमाना सरला होता, डोक्यावर काळी टोपी आली होती, बाकी तेच. बंद गळ्याचा काळा कोट, धोतर, पायात पुणेरी जोडा. संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला, कोटावर टोपी, पाय धुवायचे आणि पंचा नेसायचा. आजोबांच्या काळी तर शिवलेल्या कपड्याने जेवायलाही बसत नसत. शिवलेले ते ओवळे, म्हणून मुकटा किंवा कद नेसून पाटावर बसायचे. म्हणजे नोकरीचा कपडा माजघराच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हता. मला वाटते, परक्याची नोकरी करूनही आपले काही शाबूत आहे असे त्यांना त्यामुळे वाटत असावे.

पण ही तडजोड कोणाची? ज्यांच्याजवळ खुंटीला टांगायला कोट होता त्यांची. ज्यांच्याजवळ तोही नव्हता त्यांची आठवण एका माणसाने फार थोर रीतीने करून दिली. मार्च १८८८. पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. हरी रावजी चिपळूणकर यजमान. बडी मंडळी जरीच्या कपड्यांत, हिऱ्यामोत्यांत सजून आलेली. तिथे जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. डोक्याला फाटके पागोटे, गुडघ्यापर्यंतचे धोतर. आणि उभे राहून राजपुत्राला त्यांनी सांगितले, की इथे जमलेले हे श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यात आहे, ती अशी दिसते, आणि तिच्या शिक्षणाची सोय करा असे आपल्या आईला सांगा. जोतीरावांना चांगले कपडे मिळत नव्हते असे नाही. ते स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय केलेले गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांचे कपडे त्यांच्या भाषणाच्या आधी बोलले.

योगायोग पाहा. त्याच १८८८ सालच्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून एक अठरा वर्षांचा काठेवाडी मुलगा बोटीने विलायतेला निघाला. बोटीवर काळा सूट घातला आणि उतरताना शोभा म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट चढवला. सप्टेंबर संपत आलेला. बंदरावर पाहतो तो पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! मेल्याहून मेल्यासारखे झाले, असे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. मग त्यांनी लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, उंच हॅट घेतली, आरशासमोर उभे राहून टाय बांधायला शिकले. पाच वर्षांनी, १८९३ मध्ये डरबनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने त्यांना पगडी काढायला सांगितली. ते पगडी न काढता उठून बाहेर गेले. मग वाटले, कटकट नको, इंग्रजी हॅटच घालावी. तेव्हा अब्दुल्ला शेठ म्हणाले, हॅट घालाल तर लोक तुम्हाला हॉटेलातला वेटर समजतील! तीच हॅट लंडनमध्ये सभ्य गृहस्थाची आणि डरबनमध्ये हिंदी माणसाच्या डोक्यावर वेटरची.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९२१ साली मदुराईत त्यांनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा घेतला आणि १९३१ साली त्याच वेषात बादशहाच्या राजवाड्यात चहाला गेले. पांढऱ्या टोपीचीही एक गोष्ट आपल्या काकासाहेब कालेलकरांनी नोंदवून ठेवली आहे. काश्मिरी टोपीवरून गांधीजींना ती सुचली, आणि रंग पांढरा का, तर मळ लगेच दिसतो, म्हणून माणूस ती धुतो! पगडीत जात दिसे. या टोपीत निदान जात दिसत नव्हती.

आणि त्याच काळात बाबासाहेब आंबेडकर उत्तम बेताचा सूट घालत होते. मी वर्गात हा भाग शिकवताना मुले हमखास विचारत, "सर, गांधीजींनी सूट टाकला आणि बाबासाहेबांनी घातला, मग बरोबर कोण?" मी सांगत असे, दोघेही. ज्याला सूट मिळत होता त्याने तो टाकण्याला अर्थ होता. ज्याच्या समाजाने कसे नेसावे, कोणते दागिने घालावे हे इतरांनी शतकानुशतके ठरवले होते, त्याने तो घालण्याला अर्थ होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते की लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नीट पायघोळ नेसा, जातीची खूण सांगणारे ते जड दागिने टाका. आज गावोगावी त्यांचा निळ्या सूटमधला पुतळा दिसतो. तो सूट म्हणजे साहेबाची नक्कल, असे ज्याला वाटते त्याने त्या पुतळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांचे चेहरे एकदा पाहावेत.

हे सगळे मी वर्गात चांगले शिकवत असे. मुलांना आवडतही असे. आता तो प्रसंग.

१९७२चा दुष्काळ. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एका खेड्यातली शाळा, नाव सांगत नाही. टेरिकॉटची नवी पँट, वर पांढरा शर्ट, मास्तर म्हणून मिरवण्याचे वय. गणवेश तपासण्याचे काम माझ्याकडे होते : पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी. गणवेशाने गरीब-श्रीमंत एका रांगेत येतात, असे मी प्रामाणिकपणे मानत होतो. सातवीतला एक मुलगा तीन दिवस रंगीत, फाटक्या सदऱ्यात आला. दोनदा समज दिली. तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर उभे केले आणि सांगितले, गणवेश असेल तेव्हाच ये.

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा बाप आला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. हात, पाय, भुवया सगळे धुळीने पांढरे. पायताण त्याने फाटकाबाहेरच काढले होते. माझ्यासमोर आला, आणि डोक्यावरचे मुंडासे काढून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "गुर्जी, पोराला बसू द्या. सदऱ्याचं म्होरल्या बाजाराला बघतो."

माझे वय तेव्हा तेवीस. तो माझ्या वडिलांच्या वयाचा. मी वर लिहिले आहे ना, डोक्यावरचे काढणे म्हणजे काय ते? पुस्तकातले वाक्य म्हणून मला ते ठाऊक होते. समोर उभे राहिलेले त्या दिवशी पाहिले. मला काही बोलता येईना. एवढेच म्हणालो, "ते डोक्याला घाला आधी. उद्यापासून पाठवा त्याला."

मुलगा आला. मी त्या वर्षी गणवेशाची वही बंद करून ठेवली. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारले, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण त्याला सर्वांसमोर उभे केले होते ते काही परत घेता आले नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला हेच कारण होते असे मी म्हणत नाही, दुष्काळात पुष्कळ मुलांनी सोडली. पण हे कारण नव्हतेच असे म्हणायचा धीर मला आजही होत नाही.

म्हणून लंडनच्या तपकिरी बुटांची बातमी मला गंमत म्हणून सोडून देता येईना. तिथल्या बँकेतला तो साहेब आणि खेड्यातला मी, दोघांनी केले तेच. नियम सगळ्यांना सारखा, पण पाळण्याची ऐपत सारखी नाही.

याचा अर्थ कपड्यांचे संकेतच नकोत, असे मी म्हणणार नाही. ते असतात आणि त्यांत गोडीही असते. सणाला फेटा बांधून घेताना मलाही आनंद होतो. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बरे वाटले. आणि २०१८ साली पुण्यात पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी घालून सत्कार करावा अशी चर्चा निघाली तेव्हा तीही मला पटण्यासारखी वाटली. पगडी कोणाची, हा प्रश्न अजून जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. २०१४ साली चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना केवळ वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसले म्हणून एका क्लबात प्रवेश नाकारला गेला. स्वातंत्र्याला सदुसष्ट वर्षे होत आलेली! तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी बंदी उठवली. पण न्यायमूर्तींसाठी विधानसभा धावते. खडी फोडणाऱ्यासाठी ते काम दारात उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.

असो. नातवाला मी त्या रात्री काय सांगितले? तुम्हाला वाटेल, तपकिरी बूट घालून ताठ मानेने जा असे सांगितले असेल. नाही. म्हणालो, "अरे, मित्राचे बूट मापाला येत असतील तर घाल उद्याच्या दिवस काळे. नोकरी महत्त्वाची. पण एक लक्षात ठेव. पुढे कधीतरी तू टेबलाच्या पलीकडे बसशील आणि एखादा पोरगा भलतेच काहीतरी घालून समोर येईल. तेव्हा त्याच्या पायांकडे बघू नकोस."

तो "हो आजोबा" म्हणाला. बूट त्याला एक नंबर मोठे झाले, पुढे कापूस घालून गेला. निकाल अजून कळायचा आहे.